भयाचे शिक्षण

"निर्भय व्हा" हा उपदेश आमच्या विद्यार्थिमित्रांनी वर्गात, सभेत व घरी अनेक वेळा ऐकला असेल; आणि मनुष्याच्या दृष्टीने तो हिताचाच आहे. परंतु सृष्टीकडे लक्षपूर्वक पाहिले असता असे दिसून येते की, योग्य वेळी योग्य वस्तूचे भय वाटणे हीदेखील एक विद्या आहे. आणि ज्या सशाला, हरणाला किंवा चिमणीला ही विद्या नाही त्यास रानात चार दिवस काढणेही कठीण. ही विद्या त्यांस कोण शिकविते? ती उपजत असते, की आईबापांकडून मिळते? आणि एखादे पिलू पिंजऱ्यात जन्मले, मनुष्याच्या हातचे खाऊन वाढले, व पुढे त्यास रानात सोडण्याचा प्रसंग आला, तर त्याचा गुरू कोण व्हावयाचा?

हे प्रश्न वरवर पाहता दूरच्या पंडितांचे वाटतील. तथापि आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचा, त्यांच्याशी निकटचा संबंध आहे. आपल्या माळरानावरून जवळजवळ नाहीसा झालेला माळढोक पक्षी राजस्थानात मनुष्याच्या देखरेखीखाली वाढविण्यात येत आहे. त्याची संतती पुन्हा मोकळ्या रानात जगेल की नाही, हे पुष्कळ अंशी वरील प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहे. म्हणून या विषयाचा आपण क्रमाने विचार करू.

अंगणातील धडा

ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांस पुढील देखावा परिचयाचा असेल. कोंबडी आपली पिले घेऊन उकिरडा उकरीत असते. इतक्यात वर घार दिसते. कोंबडी एक लांब व बारीक स्वर काढते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पिले तिच्या पंखांखाली किंवा जवळच्या कुंपणात दडून बसतात. याच कोंबडीस जर मांजर किंवा मुंगूस दिसले, तर तिचा आवाज अगदी निराळा, तुटक व मोठा असतो. आणि तो ऐकताच सगळा कळप दडून न बसता माना उंच करून चोहोकडे पाहू लागतो. प्राणिशास्त्रज्ञांनी हे आवाज यंत्रावर उतरवून घेऊन दुसऱ्या कोंबड्यांस ऐकविले, तेव्हा शत्रू दृष्टीस पडत नसतानाही त्यांनी त्या त्या आवाजास योग्य असेच वर्तन केले. म्हणजे "शत्रू आकाशात आहे" आणि "शत्रू जमिनीवर आहे" या दोन वार्तांसाठी या साध्या पाखराजवळ दोन स्वतंत्र शब्द आहेत असे म्हणावयास हरकत नाही.

आता पिलाला यातील कोणता भाग जन्मतः येतो व कोणता शिकावा लागतो? या प्रश्नाचा एक प्रसिद्ध प्रयोग १९३७ साली कोनराड लोरेन्झ व निको टिनबर्गेन या दोन शास्त्रज्ञांनी केला. त्यांनी पुठ्ठ्याची एक आकृती कापली. तिची एक बाजू आखूड व दुसरी लांब होती. ही आकृती तारेवरून पाखरांच्या डोक्यांवर एका दिशेने सरकविली तर आखूड मानेच्या व लांब शेपटीच्या ससाण्यासारखी दिसे. उलट दिशेने सरकविली तर तीच लांब मानेचे हंसासारखे निरुपद्रवी पाखरू भासे. ससाण्याच्या दिशेने आकृती आली म्हणजे काही पाखरे भीत, हंसाच्या दिशेने आली म्हणजे भीत नसत. यावरून प्रथम असा तर्क निघाला की, ससाण्याचे चित्र पाखरांच्या मनात जन्मापासूनच कोरलेले असते. परंतु पुढे वोल्फगांग श्लाइट यांनी टर्की कोंबड्यांवर हाच प्रयोग अधिक बारकाईने केला व १९६१ मध्ये दाखवून दिले की, जी आकृती वारंवार दिसते तिचे भय ओसरते व जी क्वचित दिसते तिचे भय टिकते. रानात हंस नित्य दिसतात, ससाणा कधीमधी दिसतो. म्हणून ससाण्याचे भय कायम राहते.

या दोन प्रयोगांचे सार असे की, जन्मतः मिळते ते भयाचे केवळ कच्चे टिपण. डोक्यावरून झपाट्याने काही गेले तर दचकावे, अचानक मोठे काही अंगावर आले तर पळावे, इतकेच त्यात लिहिलेले असते. त्यातील कोणते खरे संकट व कोणते खोटे, कोणापासून दडावे व कोणाकडे दुर्लक्ष करावे, हा तपशील पुढे आयुष्यात भरावयाचा असतो.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा

हा तपशील भरण्याचा मार्ग मात्र मोठा बिकट आहे. गणितात चूक झाली तर विद्यार्थ्यास पाटी पुसून पुन्हा मांडणी करता येते. रानात ज्या सशाने खोकडास ओळखण्यात चूक केली, त्यास दुसरा प्रयत्न मिळत नाही. मग अनुभवाने शिकावयाचे कसे? याचे उत्तर आपल्या एका जुन्या म्हणीतच आहे: पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. कळपातील एकावर संकट येते आणि बाकीचे ते पाहून शिकतात. पिले आईची घाबरगुंडी पाहतात आणि तिच्या भयाचे कारण मनात साठवून ठेवतात.

जर्मनीत एबरहार्ड कुरियो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने फार मनोरंजक आहे. दोन कस्तूर पक्षी समोरासमोर पिंजऱ्यात ठेवले व मध्ये एक पेटी ठेवली. पेटीची रचना अशी की, एका पक्ष्यास तिच्यात पिंगळा दिसावा व दुसऱ्यास त्याच वेळी ऑस्ट्रेलियातील एक निरुपद्रवी मधपक्षी दिसावा. पहिल्याने पिंगळा पाहून मोठा कलकलाट केला. दुसऱ्यास पिंगळा दिसतच नव्हता. त्यास वाटले की आपला सोबती या मधपक्ष्यावरच ओरडत आहे. पुढे तोही मधपक्ष्यावर तुटून पडू लागला. एवढेच नव्हे, तर त्याने हा धडा तिसऱ्यास दिला, तिसऱ्याने चौथ्यास, आणि अशा रीतीने सहा पक्ष्यांच्या मालिकेत तो पोहोचला. त्यांपैकी कोणाचेही त्या बिचाऱ्या मधपक्ष्याने काही वाकडे केले नव्हते!

माकडांवरील प्रयोगातही हेच दिसले. प्रयोगशाळेत जन्मलेली माकडे सर्पास भीत नाहीत. परंतु रानात वाढलेले माकड सर्प पाहून कसे घाबरते हे त्यांनी एकदा पाहिले की तीही थोड्याच वेळात घाबरू लागतात. सुझन मिनेका व मायकेल कुक यांनी याची आणखी परीक्षा केली. चित्रफितीत युक्ती करून त्यांनी असे दाखविले की, माकड जणू फुलांना पाहून घाबरत आहे. ही फीत पाहणारी माकडे फुलांना मुळीच भ्याली नाहीत. सर्पाचा धडा मात्र त्यांनी चटकन उचलला. तेव्हा शिकण्याची पूर्वतयारी जन्मतः असते, पण धडा देणारा कोणीतरी समोर असावा लागतो, हे स्पष्ट झाले.

आमच्या वाचकांस या गोष्टी आपल्या आवारातही पाहता येतील. बाभळीवर शिक्रा येऊन बसला की सातभाई कसा गिल्ला करतात, दिवसा उजेडी घुबड बाहेर पडले तर कावळे त्याच्याभोवती कसे जमतात, हे पाहावे. त्या गोंगाटात त्या वर्षीची कोवळी पाखरेही असतात. त्यांची शाळा भरलेली असते.

पिंजऱ्यातील पिढी

आता कल्पना करा की, एखाद्या जातीचे थोडेच जीव उरले आहेत. मनुष्य त्यांची अंडी उबवणी यंत्रात ठेवतो, पिले हाताने भरवितो. अन्न वेळेवर मिळते, औषध मिळते, जाळीमुळे शत्रू आत येत नाही. पिले धष्टपुष्ट होतात. परंतु त्यांच्यापुढे कोणास ठेच लागत नाही, म्हणून मागचा कोणी शहाणा होत नाही. अशा दोन-तीन पिढ्या गेल्या की, सहस्रावधी वर्षे आईकडून पिलाकडे आलेली विद्येची साखळी तुटते. बाहेरून पक्षी तोच दिसतो, पिसे तीच, स्वर तोच. आतील ग्रंथ मात्र कोरा.

याचे दुःखद उदाहरण हवाई बेटांतील अलाला नावाच्या कावळ्याचे आहे. हा कावळा २००२ नंतर रानात दिसला नाही. केवळ बंदिवासात उरला. तेथे त्याची संख्या वाढविण्यात आली व डिसेंबर २०१६ मध्ये पाच तरुण पक्षी रानात सोडण्यात आले. थोड्याच दिवसांत त्यांपैकी तीन मरण पावले. दोघांस इओ नावाच्या तेथील बाजाने मारले होते. उरलेले दोन परत पकडून आणावे लागले. तेव्हा पालनकर्त्यांनी कावळ्यांसाठी शाळाच उघडली. जिवंत बाज दाखवावयाचा, त्याच वेळी अलालाच्याच संकटसूचक हाकांचे ध्वनिमुद्रण ऐकवावयाचे, म्हणजे बाज व भय यांची सांगड पडावी, अशी ती योजना होती. २०१७ मध्ये अकरा पक्षी सोडले. ते पहिल्यांपेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकले. तथापि पुढे बाजांनी पुन्हा बळी घेतले व २०२० मध्ये उरलेले पक्षी परत आणण्यात आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच पक्षी माऊई या दुसऱ्या बेटावर सोडले गेले, कारण तेथे इओ बाज राहत नाही. शिष्यास धडा पुरता येत नसेल तर परीक्षेचे स्थान सोपे निवडावे, असाच हा विचार होय.

खोकडाची शाळा

माळढोकाचा एक दूरचा भाऊ अरबस्तानात राहतो. त्याचे नाव हुबारा. तोही जमिनीवर हिंडणारा, जमिनीवर अंडी घालणारा पक्षी. सौदी अरेबियात तो बंदिवासात वाढवून महाझात अस्-सैद या कुंपण घातलेल्या विस्तीर्ण राखीव वाळवंटात सोडण्यात येऊ लागला, तेव्हा सोडलेल्या पक्ष्यांपैकी पुष्कळांस लाल खोकडांनी मारले. मग योलांडा व्हॅन हीझिक, फिलिप सेडन व रिचर्ड मलोनी यांनी दोन रीतींनी शिक्षण देऊन पाहिले व १९९९ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पहिल्या रीतीत खोकडाची प्रतिकृती दाखविली. दुसऱ्या रीतीत खरा, जिवंत खोकड थोडा वेळ पक्ष्यांच्या आवारात आणला. प्रतिकृतीच्या शाळेत शिकलेले पक्षी रानात गेल्यावर न शिकलेल्यांहून अधिक जगले नाहीत. जिवंत खोकडाच्या शाळेत शिकलेले मात्र अधिक जगले.

असे का व्हावे? आमच्या शेतकरी पालकांस याचे उत्तर सांगण्याची आवश्यकता नाही. ज्वारीच्या शेतात बुजगावणे उभे केले म्हणजे पहिल्या दिवशी पाखरे दूर राहतात, दुसऱ्या दिवशी जवळ येतात, आणि आठवड्याने त्याच्या डोक्यावर बसून कणसाची वाट पाहतात! जे भिववते पण काही करीत नाही, ते शेवटी भिववीनासे होते. म्हणून अर्धवट शिक्षण हे अशिक्षणाहूनही घातक ठरण्याचा संभव असतो. शत्रू वारंवार दाखविला व काहीच झाले नाही, तर पिलू "हा निरुपद्रवी आहे" असाच पाठ घोकून ठेवते. या शाळेचे नियम त्यामुळे कडक असतात: धडे थोडे, वेळ अल्प, आणि प्रत्येक वेळी शत्रूच्या दर्शनापाठोपाठ तत्काळ खरी भीती.

ऑस्ट्रेलियातील टामर वॉलाबी या लहान कांगारूंवर अँड्रिया ग्रिफिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच प्रयोग केले. पेंढा भरलेला खोकड गाडीवरून समोर आणला व लगोलग एक मनुष्य जाळे घेऊन त्या प्राण्यामागे धावला. अशा थोड्या धड्यांनंतर वॉलाबी खोकड दिसताच सावध होऊ लागल्या. येथे प्रतिकृतीही उपयोगी पडली, कारण तिच्यामागून खरे संकट येत होते. विशेष हे की, खोकडाचे भय शिकल्यावर त्या मांजरासही अधिक भिऊ लागल्या, पण बकरीस भ्याल्या नाहीत. म्हणजे शिष्याने पाठांतर न करता अर्थ ग्रहण केला होता.

धीटपणाविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. उत्तर अमेरिकेतील स्विफ्ट फॉक्स या चिमुकल्या खोकडांस बंदिवासात वाढवून सोडले, तेव्हा त्यांचे स्वभाव आधी टिपून ठेवले होते. सोडल्यानंतर प्रथम मेले ते पिंजऱ्यात अधिक धीट दिसणारे. जे बुजरे, नव्या वस्तूपासून दूर राहणारे होते, ते अधिक टिकले. पिंजऱ्यात जो गुण शोभतो तोच रानात दोष ठरू शकतो.

आणखी एक शत्रू असा आहे की ज्याचे भय सर्वांत आधी शिकवावे लागते, आणि तो म्हणजे मनुष्य. जो आपणांस भरवितो त्यास पिलू आई समजते. यासाठी अमेरिकेतील एका दुर्मिळ क्रौंच जातीच्या पिलांस वाढविणारे लोक पायघोळ पांढरा झगा घालतात, तोंड झाकतात, एक शब्दही बोलत नाहीत, आणि हातात क्रौंचाच्या मस्तकाची बाहुली घेऊन तिच्या चोचीने पिलास भरवितात. शिक्षकाने स्वतःस पूर्णपणे लपवून शिकवावे, असे उदाहरण मनुष्यांच्या शाळांतही विरळाच सापडेल.

आपला माळढोक

आता आपल्या घराकडे वळू. माळढोक हा भारतातील अत्यंत जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. उंची सुमारे एक मीटर, नराचे वजन १५ किलोपर्यंत जाते. उघडे माळ, खुरटे गवत, कोरडवाहू शेते हे त्याचे घर. टोळ, भुंगे, बोरे, धान्य हे त्याचे अन्न. श्रीगोंदे, कर्जत, नेवासे हे आपले तालुके एके काळी त्याचे माहेर होते. तो येथे किती विपुल असावा याची एक विषादजनक नोंद उपलब्ध आहे: १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका लष्करी गृहस्थाने एकट्या अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले. एका बंदुकीने इतके पडावेत, तर माळावर किती असतील!

१९७९ मध्ये महाराष्ट्र शासनाने सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य घोषित केले. पुढे त्याची फेररचना होऊन क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर राहिले. परंतु माळ नांगरले गेले, पाणी आले, ऊस आला, वस्ती वाढली, आणि पक्षी कमी होत गेला. सोलापूरजवळील नान्नज येथे अलीकडील गणनांत एखाददुसराच माळढोक आढळत आला आहे. सर्व देशात रानात उरलेले माळढोक दीडशेच्या आत आहेत असे मानले जाते, व त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत.

म्हणून केंद्र शासन, राजस्थानचा वनविभाग व डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी मिळून जैसलमेर जिल्ह्यात संवर्धनाचे कार्य आरंभिले. २०१९ पासून रानातील अंडी काळजीपूर्वक आणून सम येथील केंद्रात उबविण्यात आली; दुसरे केंद्र रामदेवरा येथे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाने पहिले पिलू जन्मास आले. जो पक्षी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालतो, त्याच्या बाबतीत हे यश लहान नव्हे.

परंतु येथवर ज्यांनी हा लेख वाचला आहे त्यांच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप उभा राहील. रानात माळढोकाची मादी एकटीच अंडे उबविते व एकटीच पिलू वाढविते. पिलू चालू लागले की आईमागे हिंडते. आईने इशारा देताच जमिनीस चिकटून निश्चल होते, आणि मातीच्या रंगात असे मिसळते की पायाशी असूनही दिसू नये. शत्रू घरट्याजवळ आला तर आई पाय लोंबकळत ठेवून, जखमी असल्यासारखे सोंग करून त्यास दूर नेते. पुढचा विणीचा हंगाम येईपर्यंत पिलू तिच्याबरोबर राहते. खोकड कोठून येतो, घोरपड कशी सरकते, गरुडाची सावली कशी असते, मेंढपाळाचा कुत्रा व लांडगा यांत काय भेद, हे सर्व त्या काळात त्यास कळते. यंत्रात उबलेल्या व हाताने भरविलेल्या पिलास यातले काय मिळाले? ज्या पक्ष्यांपासून पैदास करावयाची ते माणसाळलेले असले तरी चालते, किंबहुना सोयीचेच असते. पण त्यांची जी संतती रानात जावयाची, तिची शाळा निराळी हवी.

ती शाळा कशी असावी, हे वरील उदाहरणांवरून आपण स्वतःच मांडू शकतो. पिलांना मनुष्याचे दर्शन व आवाज शक्य तितका कमी घडावा. त्यांचे आवार खऱ्या माळासारखे, गवताचे व झुडपांचे असावे. अमेरिकेत काळ्या पायांचा फेरेट नावाचा मुंगसाएवढा प्राणी केवळ १८ जीवांपासून वाढविण्यात आला. त्यातही असे आढळले की, मातीच्या बिळांच्या मोकळ्या आवारात वाढलेली पिले लोखंडी पिंजऱ्यात वाढलेल्यांपेक्षा रानात अधिक जगतात. शत्रूचा धडा जिवंत शत्रूकडून, थोडा पण खरा, मिळावा. आणि शक्य तेथे वडीलधाऱ्या पक्ष्याची सोबत असावी. कारण माणसाने कितीही खटाटोप केला तरी आईच्या एका हाकेइतके शिकविणे त्यास साधत नाही.

जे शिकविता येत नाही

येथे एक मर्यादा प्रांजळपणे सांगितली पाहिजे. सर्वच संकटांचे शिक्षण देता येत नाही. विजेच्या तारांचे उदाहरण घ्या. माळढोकाचे डोळे मस्तकाच्या बाजूंस असल्याने त्यास समोरचे फार थोडे दिसते, आणि देह जड असल्याने तार दिसली तरी ऐन वेळी वळता येत नाही. रानात जन्मलेले, आईने उत्तम शिकविलेले माळढोकही तारांवर आपटून मेले आहेत. तारेची ठेच लागलेला परत येऊन कोणास सांगत नाही, व तार पाहून आई हाकही देत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोकाच्या प्रदेशातील तारांविषयी आदेश दिला, तो याच कारणाने.

भटक्या कुत्र्यांचेही थोडेफार तसेच आहे. खोकड एकटा हिंडतो, त्याची संख्या रानच्या अन्नाने मर्यादित राहते. गावच्या कचऱ्यावर पोसलेली कुत्री मात्र टोळीने माळावर जातात, अंडी व पिले खातात, आणि शिकार मिळाली नाही म्हणून उपाशी मरत नाहीत. अशा शत्रूपुढे कितीही सुशिक्षित पिलू टिकणे कठीण. जे शिष्यास शिकविता येत नाही ते गुरूने दूर केले पाहिजे. तार जमिनीखाली नेणे किंवा तिच्यावर खुणा बांधणे, कचरा उघडा न टाकणे, कुत्र्यांची संख्या आटोक्यात ठेवणे, हे धडे पक्ष्यांचे नव्हेत. ते आपले आहेत.

विद्यार्थी व पालक यांचे काम

माळढोकाची शाळा जैसलमेरास आहे, तेव्हा आपण येथे काय करावे, असे कोणी विचारील. आमच्या मते आपल्या हाती असलेले काम लहान असले तरी फार मोलाचे आहे. ते म्हणजे, ज्या पिलांस आई आहे त्यांची शाळा न मोडणे.

कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे. क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर; म्हणून काळवीट भोवतालच्या शेतांतही येतात. काळविटाची मादी आपले नवजात पाडस गवतात लपवून दूर चरावयास जाते व ठरावीक वेळी येऊन त्यास पाजते. पाडस तेथे न हलता, न ओरडता पडून असते. हाच त्याचा पहिला धडा असतो! वाटसरूस मात्र वाटते की हे बिचारे पोरके आहे. तो दयेने त्यास उचलून घरी आणतो, बाटलीने दूध पाजतो, मुले त्यास खेळवितात, घरचा कुत्रा शेजारी निजतो. पाडस जगलेच तर त्यास कुत्रा मित्र वाटतो व मनुष्य आई. मग ते रानात जाण्यास कायमचे नालायक होते. ज्या दयेने त्यास वाचविले तिनेच त्याचे रान हिरावून घेतले.

बिबट्याच्या बछड्यांचेही असेच. अकोले, संगमनेर, राहुरी या भागांत ऊसतोडीच्या वेळी फडात बछडे सापडतात. अशा वेळी वनविभागाचे लोक व त्यांस साहाय्य करणारे पशुवैद्य बछड्यांची तपासणी करून सायंकाळी त्यांस सापडल्या जागीच ठेवतात. रात्री मादी येते व एकेकास तोंडात धरून घेऊन जाते. हा खटाटोप एवढ्याचसाठी की, मनुष्याच्या हाती वाढलेला बिबट्या मनुष्यास भीत नाही, व जो भीत नाही त्यास सोडणे त्याच्याही व आपल्याही दृष्टीने धोक्याचे. आईजवळ न पोहोचलेल्या बछड्याच्या वाट्यास जन्माचा पिंजरा येतो.

तेव्हा आमच्या विद्यार्थिमित्रांस आमचे सांगणे इतकेच की, रानात पाडस, बछडा किंवा पाखराचे पिलू दिसले तर त्यास हात लावू नये. मोठ्या माणसांस सांगावे, कुत्री दूर ठेवावीत, दुरून पाहावे, आणि ते खरोखर जखमी किंवा संकटात दिसले तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन्य प्राणी घरी पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अपराध आहे, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.

ज्यांस याहून अधिक काही करण्याची हौस असेल त्यांनी एक वही करावी. कोणत्या पाखराने कोणता शत्रू पाहून कसा आवाज केला, कोण प्रथम ओरडले, कोण मागून आले, लहान पाखरांनी काय केले, हे दिनांकासह लिहून ठेवावे. वर्षभरात ती वही भरली तर रानातील शाळेचे हजेरीपुस्तकच तयार होईल.

शेवटी एक विचार. जी ९६१ पाखरे एका मनुष्याने या जिल्ह्यात मारली, त्यांच्याबरोबर केवळ मांस व पिसे नष्ट झाली नाहीत. आपल्या माळावरील प्रत्येक ओढा, प्रत्येक खोकडाची वाट, प्रत्येक गरुडाचा बाभूळवृक्ष जाणणारे गुरुजन त्यांत होते. जीव पुन्हा जन्मास घालण्याची विद्या मनुष्याने थोडीफार संपादन केली आहे. पण आईने पिलास दिलेले ज्ञान एकदा तुटले म्हणजे ते पुन्हा जोडण्यास केवढे सायास पडतात, हे हवाईच्या कावळ्यांनी व अरबस्तानच्या हुबारांनी आपणांस दाखविले आहे. म्हणून जी साखळी आज आपल्या माळावर अखंड आहे, काळविटांची, खोकडांची, सातभाईंची, टिटव्यांची, ती आपल्या हातून तुटू नये एवढे जपणे हेच आपले कर्तव्य होय. आणि उद्या एखादा माळढोक श्रीगोंद्याच्या माळावर परत उतरलाच, तर त्यास निदान आपले भय वाटण्याचे कारण पडू नये.